चोवीस तासांचा हक्क : आष्टी ते कलम बावीस

वर्धा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला सेवाग्राम आठवतं, पवनार आठवतं. आपल्या पोरांना या दोन्ही नावांचा कंटाळा आहे आणि त्याला कारणंही आहेत. पुणे करार आपण विसरलेलो नाही. पण या कंटाळ्यापायी जिल्ह्याच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा आपण दुसऱ्यांच्या हवाली करून बसलो. तो तुकडा आष्टीचा. तिथल्या हुतात्म्यांना हार घातले जातात, पुढाऱ्यांची भाषणं होतात आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, ती काँग्रेसची लढाई, आपल्याले काय त्याचं?

दोस्तांनो, माझं म्हणणं उलटं आहे. आष्टीशी आपलं नातं आहे आणि ते झेंड्याचं नाही, कायद्याचं आहे. आष्टीच्या लोकांवर खटले चालले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. घटना लिहिताना तोच प्रश्न बाबासाहेबांपुढे आला. आज रात्री बारा वाजता आपल्या वस्तीत पोलिसांची गाडी शिरते तेव्हा पुन्हा तोच प्रश्न दारात उभा असतो. सरकारला माणूस उचलायचा असेल, डांबायचा असेल, लटकवायचा असेल, तर कोणत्या रीतीनं? आणि ती रीत ठरवणार कोण?

मी वकील नाही. गिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा माणूस आहे. दीक्षाभूमीवर दसऱ्याला जी पुस्तकं स्वस्तात मिळतात ती तिसऱ्या पाळीनंतर वाचत वाचत इथवर आलो. जे समजलं ते मांडतो.

१

१९४२ चा जुलै महिना घ्या. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीनं इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला. चारच दिवसांनी, १८ जुलैपासून, नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिथं शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वर्धा ते नागपूर अंतर पाऊणशे किलोमीटर. तेवढ्या अंतरात दोन वेगळी राजकारणं उभी होती. हे लपवायचं कारण नाही. काँग्रेसच्या स्वराज्यात गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होणार, याचं उत्तर वर्ध्याच्या ठरावात नव्हतं. म्हणून नागपूरची परिषद भरली.

ऑगस्टात काँग्रेसचे पुढारी धरले गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर गेले. गोळी चालली. लोक मेले. मग चवताळलेला जमाव ठाण्यावर तुटून पडला आणि ठाणेदारासकट पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असंच घडलं. तिथं मागाहून फौज शिरली आणि तिनं बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. त्या तक्रारींची चौकशी करा, एवढ्या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपास केला. १२ जानेवारी १९४३ ला तो सुटला. नुसत्या चौकशीसाठी त्रेसष्ट दिवस पोट जाळावं लागलं, हे ध्यानात ठेवा. चौकशी हा तेव्हा हक्क नव्हता. मालकाची मर्जी होती.

आता खटल्यांकडे या. आष्टी-चिमूरचे आरोपी नेहमीच्या कोर्टापुढे उभे राहिले नाहीत. सरकारनं १९४२ च्या जानेवारीतच विशेष फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम काढून ठेवला होता. युद्धाचं कारण होतं. या कोर्टांत साक्षीपुरावा सगळा लिहून घ्यायची गरज नव्हती, थोडक्यात टिपण केलं की भागे. अपिलाचा रस्ता जवळपास बंद. मोठी शिक्षा झाली तर सरकार नेमेल त्या एका न्यायाधीशानं कागद तपासायचे. आणि सगळ्यात मोठी गोम ही, की कोणता आरोपी या कोर्टात पाठवायचा आणि कोणता साध्या कोर्टात, हे अधिकारी ठरवणार. त्याला कसलीही मोजपट्टी नाही. ज्यानं पकडलं त्याच्याच हातात कोर्ट निवडायची सोय.

या कोर्टांनी आष्टी-चिमूरच्या लोकांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा ठोठावल्या.

१९४३ साली दिल्लीच्या फेडरल कोर्टानं दोन मोठे दणके दिले. २२ एप्रिलला मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारत संरक्षण नियमातला क्रमांक २६ चा नियम बेकायदा आहे. याच नियमाखाली हजारो लोक खटल्याशिवाय तुरुंगात होते. सरकारनं काय केलं? आठवडा उलटायच्या आत वटहुकूम काढून नियम दुरुस्त केला. ४ जूनला त्याच कोर्टानं सांगितलं, की विशेष न्यायालयांच्या वटहुकमातली मुख्य कलमं टिकत नाहीत, कारण सगळं अधिकाऱ्याच्या मनावर सोडलं आहे. दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, नवा वटहुकूम आला. जुनी कोर्टं बंद, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा कायम. अपील तेवढं करा म्हणाले. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तर जुना वटहुकूमही बरोबरच होता असा शिक्का मारला.

आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या. देशभर मागणी झाली, दयेचे अर्ज गेले, तेव्हा. गळ्यातला दोर निघाला तो दयेनं. कायद्यानं तो काढला नाही.

यातला धडा काय? कोर्ट चांगलं असलं, न्यायाधीश धीट असला, तरी रीत लिहायचा अधिकार पूर्णपणे सरकारकडे असेल तर आज कोर्टानं अडवलं की उद्या नवा कागद येतो. न्यायाधीश 'कायदा दाखवा' म्हणतो. सरकार रातोरात कायदा करून दाखवतं.

२

आष्टीच्या लोकांना जे १९४२ ते ४५ या काळात भोगावं लागलं ते आपल्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. त्याला कोणी हुतात्मा म्हटलं नाही एवढाच फरक.

मनुस्मृतीत गुन्हा एकच, पण जात बघून शिक्षा वेगळी. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली तेव्हा नुसतं धर्माचं पुस्तक जळलं नाही, फौजदारी कायद्याचंही पुस्तक जळलं. गावात तेच पुस्तक चावडीवर चालत होतं. तिथं फिर्यादी पाटील, साक्षीदार पाटलाचे, न्यायाधीश पाटील. आरोपीनं बोलायचं नाही, जोहार घालून उभं राहायचं. वकील नाही, अपील नाही. निकाल आधी, चौकशी नंतर, ती पण झाली तर.

इंग्रजांनी यात आपली भर घातली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार. हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास काढा. कोणता गुन्हा केला हे विचारायचं नाही, कुठल्या पोटी जन्मला ते विचारायचं. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण आपल्या जिल्ह्यातल्या पारध्यांच्या बेड्यावर जाऊन विचारा, तो खरंच गेला काय? कुठंही चोरी झाली की गाडी पहिले बेड्यावर. कायदा पुस्तकातून गेला, ठाण्यातल्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून म्हणतो, कायद्याची रास्त रीत हा वकिलांचा विषय नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे, जात आहे, ओळख आहे, त्याला रीत लागत नाही. त्याचा एक फोन पुरतो. ज्याच्यापाशी फोन करायला कोणी नाही त्याच्यासाठी रीत हीच ढाल.

३

१९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी फेडरेशनतर्फे घटना समितीपुढे निवेदन ठेवलं. तेच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यात त्यांनी स्वच्छ मागणी केली होती, की कायद्याच्या रास्त रीतीशिवाय, म्हणजे ड्यू प्रोसेस ऑफ लॉ शिवाय, कोणत्याही माणसाचा जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता सरकारनं काढून घेऊ नये. हे शब्द अमेरिकेच्या घटनेतले. तिथं गुलामगिरी संपल्यावर १८६८ साली जी चौदावी दुरुस्ती झाली तिच्यातले. कालपर्यंत जो बाजारात विकला जात होता त्या काळ्या माणसाला गोऱ्या राज्यांपासून वाचवायला ते शब्द घातले होते. बाबासाहेबांनी ते कुठून उचलले आणि कोणासाठी उचलले, हे वेगळं सांगायला नको.

मग आपल्या घटनेच्या कलम २१ मध्ये ते शब्द काहून नाहीत? तिथं 'कायद्यानं घालून दिलेली रीत' एवढंच आहे. 'रास्त' गेलं. मसुदा समितीचे अध्यक्ष तर खुद्द बाबासाहेब. हा प्रश्न आपल्याला विरोधक विचारतात आणि आपले कार्यकर्ते गप्प बसतात. गप्प बसायचं कारण नाही. उत्तर आहे, आणि ते गिरणीकामगाराला लवकर समजेल असं आहे.

अमेरिकेत त्या रास्त रीतीचं पुढं काय झालं ते बघा. काळ्या माणसासाठी केलेली ढाल भांडवलदारानं पळवली. न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला होता, की बेकरी कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. १९०५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा रद्द केला. कारण काय, तर मालक आणि मजूर यांना करार करायचं स्वातंत्र्य आहे आणि ते रास्त रीतीशिवाय काढून घेता येत नाही. १९२३ मध्ये बायांच्या किमान मजुरीचा कायदा असाच उडवला. १९३७ मध्ये कोर्टाचं वळण बदललं, पण तोवर एक पिढी राबून मेली.

आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर त्यांना भेटले. त्यांनी सांगितलं, हे शब्द घेऊ नका, न्यायाधीशांच्या हातात फार जातं. रावांनाही तीच भीती. जमीनदारी मोडायचा कायदा, कूळकायदा, मजुरांचा कायदा, सगळे कोर्टात अडकतील. मग फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात रास्त रीत गेली आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतल्यासारखे शब्द आले.

आता आठवा. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. आपली आठ तासांची पाळी तिथून आली. हा कायदा एखाद्या गिरणीमालकानं रास्त रीतीच्या नावानं कोर्टात नेऊन पाडला असता तर? एका हाताला हा धोका. दुसऱ्या हाताला वटहुकमाचा धोका, तो आष्टीला दिसला होता.

६ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत या कलमावर चर्चा सुरू झाली. तारीख बघा. बरोबर आठ वर्षांनी याच तारखेला बाबासाहेब गेले. आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातले सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की रास्त रीतीचे शब्द परत घाला. विनाकारण झडती घेऊ नये अशीही त्यांची एक दुरुस्ती होती. ती स्वीकारायला बाबासाहेब तयार होते, पण ती घटनेत आली नाही. आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात हातभट्टी शोधायच्या नावाखाली वस्तीतल्या कोणत्याही घरातली मडकी कधीही उलथीपालथी होतात, तेव्हा मला करीमुद्दीन आठवतात.

१३ डिसेंबरला बाबासाहेब उत्तराला उभे राहिले. त्यांनी दोन्ही बाजू उघड्या मांडल्या. कायदेमंडळात पक्षाची माणसं भरलेली असली तर ती माणसाचे मूळ हक्क पायदळी तुडवू शकतात. उलट सगळं कोर्टावर सोडलं, तर तिथं बसलेली पाच-सहा माणसं आपल्या मताप्रमाणे चांगला कायदाही मोडू शकतात. निवड अवघड आहे असं त्यांनी सांगितलं आणि निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहानं रास्त रीतीची दुरुस्ती फेटाळली.

पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. माझ्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी एक नवं कलम आणलं. तेव्हाचं १५-अ, आजचं कलम २२. त्यांनी मान्य केलं, की आधीच्या कलमानं लोक नाराज आहेत, संसदेला कोरा कागद दिल्यासारखं झालं आहे, आणि त्याची भरपाई म्हणून हे कलम आणलं आहे. अटक केली तर कारण सांगितलं पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. या गोष्टी फौजदारी कायद्यात आधीच होत्या. पण साधा कायदा साध्या बहुमतानं बदलतो. त्या घटनेत घातल्यामुळे कोणत्याही सरकारला त्या सहजासहजी काढता येणार नाहीत, असं त्यांनी सभागृहाला समजावलं.

म्हणजे काय केलं? रास्त रीत हा मोठा शब्द मिळाला नाही, तर तिच्यातला रोजच्या कामाचा भाग काढून पक्का केला. मोठ्या शब्दाचा अर्थ न्यायाधीश लावतात. चोवीस तास मात्र घड्याळ कळणाऱ्या कोणालाही मोजता येतात. आपल्या अडाणी मायलासुद्धा.

याच कलम २२ ची दुसरी बाजू झाकायची नाही. त्यातच प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा दिली. तशा कायद्याखाली धरलं तर चोवीस तासांचा नियम लागू नाही, आणि तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढेही न्यावं लागत नाही. समितीतच यावर कडाडून टीका झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ही मुदत दोन महिन्यांवर आणायचं ठरवलं, पण दुरुस्तीचा तेवढा भाग आजतागायत लागू केलेला नाही. महाराष्ट्रानं १९८१ साली जो स्थानबद्धतेचा कायदा केला त्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले आहेत. खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवता येतं. हा कायदा कोणत्या वस्त्या डोळ्यापुढे ठेवून केला, ते नावावरून ओळखा.

४

घटना आली, पण लढाई संपली नाही. १९५० मध्ये कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम २१ चा अरुंद अर्थ लावला. विधिमंडळानं कायदा केला ना, मग त्यातली रीत रास्त आहे की नाही हे आम्ही बघणार नाही. न्यायमूर्ती फझल अली एकटे वेगळं बोलले.

१९५२ मध्ये मात्र विशेष कोर्टाचं भूत पुन्हा समोर आलं. दमदमच्या एका कारखान्यावरच्या हल्ल्यातले पन्नास आरोपी बंगाल सरकारनं विशेष कोर्टात उभे केले होते. कोणता खटला तिथं पाठवायचा ते सरकारची मर्जी. आष्टीच्या वेळचाच मामला. या वेळी घटना होती. कलम १४, समानता. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम मोडतं म्हणून विशेष कोर्टाची ती तरतूद पाडली. ती पाडणाऱ्या न्यायाधीशांत नागपूर हायकोर्टातून गेलेले विव्हियन बोस होते. आणि या वेळी दुसऱ्या दिवशी वटहुकूम काढून निकाल पुसायची सोय सरकारला नव्हती. १९४३ आणि १९५२ मधला फरक तो हा. मधे घटना आली होती.

मग आणीबाणी. २५ जून १९७५. दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या हुकमानं कलम १४, २१, २२ साठी कोर्टात जायचा रस्ता बंद झाला. मिसाखाली धरलेल्यांचे नातेवाईक तरीही हायकोर्टात गेले. अनेक हायकोर्टांनी सांगितलं, अटक कायद्याप्रमाणे झाली की नाही एवढं आम्ही तपासू शकतो. त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं. आपल्या दारातलं कोर्ट ताठ उभं राहिलं. त्याच काळात आपल्या जिल्ह्यातल्या पवनारहून विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारनं देशभर मिरवले. पुढे १९७६ मध्ये त्यांच्या आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंकही पोलिसांनी उचलून नेले. रीत गेली की ती सगळ्यांचीच जाते, संताचीही.

२८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं त्या सगळ्या हायकोर्टांचे निकाल फिरवले. आणीबाणीत माणसाला अटकेविरुद्ध दाद नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतात आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे ४४ व्या दुरुस्तीनं पक्कं केलं, की आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठी कोर्टाचा रस्ता बंद करता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तो ७६ चा निकाल चूक म्हणून रद्द केला. तो रद्द करणाऱ्यांत त्याच चंद्रचूडांचा मुलगा न्यायाधीश म्हणून बसला होता.

२५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधी खटल्यात कोर्ट गोपालनच्या अरुंद वाटेवरून हटलं. आता नुसती रीत असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी पाहिजे. १९४८ मध्ये करीमुद्दीन जे मागत होते ते तीस वर्षांनी मागच्या दारानं आलं. मग त्यातून गरिबाच्या कामाचे निकाल निघाले. १९७८ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात ठरलं, की गरीब कैद्याला फुकट वकील हा हक्क आहे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा जास्त वर्षं सडणारे कच्चे कैदी सुटले. १९८३ मध्ये मुंबईच्या कोठड्यांतल्या बायांचा प्रश्न आला. १९९६ मध्ये डी. के. बासू खटल्यात अटकेचे नियम ठरले. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अटकेची कारणं लेखी द्या आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्या.

कागदावर आपण खूप पुढे आलो.

५

आता कागदाखालची जमीन बघा.

२०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत शंभर कैद्यांमागे पंचाहत्तरच्या वर कच्चे कैदी होते. गुन्हा शाबित नाही, तरी आत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तुरुंगात जात बघून झाडूकाम वाटू नका. घटना येऊन पाऊणशे वर्षं झाल्यावर. १ जुलै २०२४ पासून फौजदारी रीतीचा कायदाच बदलला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी तुकड्या-तुकड्यानं मागता येते. आणि परभणी कोणी विसरू नका. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. धरलेल्यांतला कायदा शिकणारा एक भटक्या-विमुक्तातला तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. घटनेसाठी रस्त्यावर आलेल्या वस्तीतच घटनेतली रीत मेली. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्यासाठी एका मायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

रीत कशी चुकवतात ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. आमच्या खात्यातला एक ठेकेदारी पोरगा. गिरणीतून सुताचे कोन चोरीला गेले म्हणून त्याला पाळी सुटल्यावर गेटवरून उचललं. दोन रात्री ठाण्यात. त्याची माय डबा घेऊन बाहेर पायरीवर. आम्ही चौघं गेलो. मी म्हटलं, साहेब, चोवीस तास होऊन गेले. तिथला जमादार हसला. म्हणे, "चोवीस तास कायचे मोजतं बे? अटक केलीच कुठं? नुसतं बसवून ठेवलं हाये."

हे 'बसवून ठेवणं' कोणत्याही कायद्यात नाही. तरी प्रत्येक गरिबाला ते माहीत आहे. अटक लिहिली तर घड्याळ सुरू होतं, म्हणून अटक लिहायचीच नाही. वहीत नाव नाही, मग माणूसच नाही. आम्ही तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो, तिथून वकीलबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, "याला किती वाजता आणला ते लिहून द्या." ते लिहून द्यायला कोणी तयार होईना. संध्याकाळी पोरगा सुटला. केस नाही, काही नाही. पाठीवर वळ, तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि ठेकेदारानं गेट बंद केलं. त्याची माय मला म्हणाली, "बाबू, हे आंधी काहून नाई सांगतलं कोणी आमाले?"

तिचा प्रश्न माझ्यापुरता नाही. तो आपल्या सगळ्या चळवळीला आहे. आपण जयंतीला मिरवणूक काढतो, घटनेच्या उद्देशिकेच्या पाट्या लावतो. कलम २२ वस्तीत किती जणांना माहीत आहे?

म्हणून हे लिहिलं. आष्टीवाल्यांना वटहुकमापुढे हात टेकावे लागले, कारण त्यांच्या मागं घटना नव्हती. आपल्या मागं आहे, पण ती ठाण्याच्या पायरीपर्यंत कोणीतरी नेल्याशिवाय स्वतः चालत जात नाही.

प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी तयार करा. त्यांना चार गोष्टी पाठ पाहिजेत. माणूस नेला की पहिले वेळ लिहायची, घड्याळ बघून, साक्षीदाराच्या सहीनं. अटकेचं कारण लेखी मागायचं. वकील आणि डॉक्टर मागायचे. तालुक्याची विधी सेवा समिती फुकट वकील देते, तिचा नंबर विहारात भिंतीवर लिहून ठेवायचा. चोवीस तास भरले की मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, आणि तिथं ऐकलं नाही तर नागपूरचं हायकोर्ट. कोणी 'बसवून ठेवलं' म्हणालं तर तेच शब्द अर्जात लिहायचे.

आणि हे फक्त आपल्या माणसासाठी नाही. पारध्याचा पोरगा उचलला तरी हेच करायचं, मुसलमानाचा उचलला तरी हेच, आपल्या विरोधातल्या पक्षाचा उचलला तरी हेच. १९४२ मध्ये आष्टीवाले आपल्या राजकारणाचे नव्हते, तरी त्यांची रीत बुडाली त्यात आपलीही बुडाली होती. ती बाबासाहेबांनी पुन्हा बांधली. ती राखायचं काम आता आपल्याकडे आहे, आणि ते घड्याळ बघण्यापासून सुरू होतं.

जयभीम.